शब्दचर्चा: जेवणघर 'इंडस्ट्रियल' आणि 'डार्क' करायचंय, मिस्त्रींना मराठीत कसं सांगू?

मंडळी, मदत हवीये. आमच्या फ्लॅटचं काम काढलंय, त्यात जेवणाची खोली इंडस्ट्रियल स्टाइलमध्ये करायचं ठरलंय म्हणजे विटांची भिंत, लोखंडी पायांचं टेबल, वरून लटकते दिवे आणि सगळं डार्क टोनमध्ये. रंगारी, सुतार, फॅब्रिकेटर तिघंही मराठी, पण माझ्या तोंडात प्रत्येक दुसरा शब्द इंग्रजी येतो आणि त्यांना कळतं काहीतरी वेगळंच. डार्क म्हटलं की रंगारीकाका थेट काळ्या शेडवर बोट ठेवतात, मला मात्र कोळशासारखा, किंचित निळसर झाक असलेला हवाय. तर इंडस्ट्रियलला काय म्हणता तुम्ही? आणि डार्क म्हणजे गडद, गर्द की काळपट? तिन्हीत फरक आहे ना काहीतरी?

प्रतिसाद:
ताई, औद्योगिक नको. औद्योगिक म्हटलं की वसाहत, न्यायालय आणि प्रशिक्षण संस्था एवढंच डोळ्यासमोर येतं. मी 'कारखानी' म्हणेन, कारखानी थाटाची खोली, ऐकणाऱ्याला लगेच चित्र दिसतं. हा सगळा प्रकार मुळात न्यूयॉर्कच्या सोहो भागातला, तिथले कारखाने आणि गोदामं ओस पडली आणि १९६० नंतर चित्रकार-शिल्पकार तिथे कमी भाड्यात राहायला लागले, भिंतीला गिलावा नाही, पाइप उघडे, खांब लोखंडी, ते तसंच ठेवून संसार मांडले. १९७१ साली कलाकारांना तिथे राहायची कायदेशीर मुभा मिळाली. म्हणजे तो काही सजावटीचा विचार नव्हता, परवडण्याचा होता, चवीने मिरवायला लागले ते नंतर.
एक सांभाळा, सुताराला 'लॉफ्ट लुक' म्हणू नका. तिकडे लॉफ्ट म्हणजे कारखान्याचा अख्खा मजला, आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे सामान टाकायचा माळा. माप घ्यायला शिडी लावून मोकळा होईल तो.

प्रतिसाद:
कारखानी चांगला आहे. हल्ली काही जण 'गिरणी लुक' म्हणतात त्याला मात्र माझा विरोध आहे. माझे आजोबा परळला साचेखात्यात होते, साचा म्हणजे माग हे आता सांगावं लागतं. भोंगा, पाळी, खातं, जॉबर (मुकादम), बदली कामगार हे शब्द आमच्या घरात रोजचे होते. १९८२ च्या गिरणी संपात जवळपास अडीच लाख माणसं उतरली आणि कित्येकांना परत कामावर जाताच आलं नाही. आता त्याच आवारांत हॉटेलं आहेत, त्यांना गिरणी लुक म्हणतात, माझ्या जिवाला लागतं ते. जुन्या बाजारातून गिरणीची एखादी वस्तू आणली तर जरूर आणा, पण तिचं नाव विचारून घ्या आणि घरात त्याच नावाने बोला.

प्रतिसाद:
रंगांकडे वळते कारण खरी श्रीमंती तिथे आहे. गडद हा रंगाच्या दाटपणाबद्दल बोलतो, काळेपणाबद्दल नाही. गडद पिवळा होतो, गडद गुलाबी होतो. गर्दमध्येही दाटपणाच आहे पण तो झाडीकडे जातो, गर्द हिरवा, गर्द राई. काळपट आणि काळसर म्हणजे दुसऱ्या रंगात काळ्याची झाक, त्यातही काळपटमध्ये जरा नापसंती आहे, भांडं काळपट पडलं म्हणतो आपण, म्हणून भिंतीला काळसर म्हणा.
(गडद हे नामही आहे बरं का, कड्यातली गुहा. ढाक डोंगराच्या कड्यातल्या बहिरी देवाला 'गडदचा बहिरी' म्हणतात ते त्यावरूनच, ट्रेक करणाऱ्यांना माहीत असेल.)
काळ्यातही एक शब्द नाही. काळेभोर डोळे, काळेभोर केस, तिथे कौतुक आहे. काळाकुट्ट अंधार, तिथे धास्ती आहे. माझ्या मते जेवायच्या खोलीला काळंभोर चालेल, काळंकुट्ट नको.
तुम्हाला हवाय तो 'कोळशी, निळ्या झाकेचा'. राखाडी म्हणालात तर फिका येईल, राख थंड झाल्यावर असते तसा. करडा त्याहून कणखर आणि त्यात थोडी ऊब असते. आणि विटकरी आणि विटका यात गल्लत होऊ देऊ नका, एक विटेचा रंग, दुसरा उडालेला रंग, फोनवर घाईत बोलताना फार सहज चुकतं.
टोनला 'छटा' आहेच. मॅटला आमचे रंगारी मॅटच म्हणतात पण "तकाकी नको" म्हटलं की काम होतं.

प्रतिसाद:
आमचा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे म्हणून लोखंडाचं सांगतो. गिऱ्हाईक येऊन रस्टिक आयर्न मागतं, त्यातून काहीच कळत नाही. टेबलाचे पाय एमएसचे (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड), चौकोनी पाइपाचे की पट्टीचे ते सांगा. जुन्या इमारतींचे नक्षीदार खांब असतात ते बिडाचे, बिडाचा तवा असतो ना तेच ओतीव लोखंड. मुंबईत काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, तिचा सांगाडा ओतीव लोखंडाचा आहे आणि तो इंग्लंडहून सुटा आणून इथे जोडला. बीड ठिसूळ असतं, वेल्डिंग सहजासहजी धरत नाही त्यामुळे "बिडाचे पाय जोडून द्या" म्हणू नका. वेल्डिंगचे सांधे दिसू द्यायचे असतील तर "ग्राइंड मारू नका" हे आधीच सांगा, नाहीतर आम्ही सवयीने घासून साफ करतो. आणि कच्चं लोखंड नुसतं ठेवलं तर आपल्या पावसाळ्यात गंजणारच, वरून क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारून घ्या.
विटांच्या भिंतीला गवंड्याला म्हणा "गिलावा नको, दर्जा भरून द्या". दर्जा म्हणजे विटांमधल्या सांध्यांची ओळ. तिथे पांढरं सिमेंट भरलं तर भिंत चौकटीच्या कागदासारखी दिसते, काळसर भरलं की वीट पुढे येते. जमिनीला काँक्रीट फिनिश म्हणण्यापेक्षा 'कोबा' म्हणा, घोटलेला कोबा, जुन्या गवंड्याचा चेहरा खुलतो.

मूळ प्रश्नकर्ती:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! कोळशी आणि दर्जा हे दोन शब्द उद्याच वापरते. सासूबाई म्हणतायत एवढ्या गडद खोलीत ताटातलं दिसणार नाही, त्यांना काय सांगू?

प्रतिसाद:
त्यांचा मुद्दा खरा आहे, गडद भिंत उजेड पिते. म्हणून चारही भिंती कोळशी करू नका, खिडकीसमोरची एक विटकरी ठेवा आणि छत फिकं. दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० ते ३६ इंचांवर लटकवा, बल्ब २७०० केल्विनचा पिवळसर घ्या, पांढऱ्या उजेडात वरण फिकट दिसतं आणि कोळशी भिंत मेल्यासारखी. दिव्याची छत्री आतून पांढरी असलेली बघा म्हणजे सगळा उजेड ताटावर पडतो. आणि सासूबाईंना सांगा, वाड्यातलं माजघरही घराच्या मधोमध अंधारंच असायचं, पंगती तिथेही उठायच्या. रंग मात्र भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा लावून रात्री दिव्याखाली बघितल्याशिवाय पक्का करू नका, ओला इमल्शन वाळल्यावर बहुतेकदा आणखी गडद होतो.