दिवा स्टेशनजवळचा फ्लॅट आत्ता विकू की थांबू?

ए-१०२: नमस्कार मंडळी. काल एजंट आला होता. म्हणतो, शेजारच्या म्हातार्डीला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय, थोडी कळ काढा, भाव दुप्पट होईल. मुलीच्या लग्नासाठी फ्लॅट काढायचाय. विकू की थांबू?

सी-४०३: थांबा काका! स्टेशन म्हणजे अगदी दारातच की आपल्या.

बी-३०४: काका, कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षं जपानात होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
१९६४ मध्ये टोकियो-ओसाका शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, सुरू झाली, तेव्हा शिन-योकोहामा स्टेशन भातशेतात उभं राहिलं. गिफू-हाशिमाही त्याच दिवशी सुरू झालं, तेही शेतातच. आज शिन-योकोहामाभोवती ऑफिसंच ऑफिसं आहेत. गिफू-हाशिमाला मी मुद्दाम उतरले होते. बाहेर एका पुढाऱ्याचा पुतळा आणि पुढे गाड्या लावायची मैदानं. एकाला योकोहामासारखं शहर जवळ होतं, हे खरंच. पण तिथेही सुरुवातीला फक्त स्लो गाड्या थांबायच्या. १९८५ ला शहरातून मेट्रो आली, फास्ट गाड्यांचे थांबे हळूहळू वाढले, आणि सगळ्या गाड्या थांबायला २००८ उजाडलं. ४४ वर्षं, काका.

सी-४०३: पण तिकडे लोक लांब राहून रोज बुलेटने कामाला जातात ना?

बी-३०४: जातात दादा. पण पासाचे पैसे बऱ्याचदा कंपनी देते, आणि महिन्याला दीड लाख येनपर्यंतच्या प्रवासभत्त्यावर करही नाही. स्वतःच्या खिशातून रोज कोण जाणार? आपल्याकडे तर लोकलच्या पासाचा हिशोब बघून लोक घर घेतात.
आणि एक. १९९७ ला नागानोकडे शिंकान्सेन गेली, ती कोमोरो हे जुनं गाव सोडून शेजारच्या साकुदाइरावरून. साकुदाइराला मॉल आले, घरं आली. कोमोरोच्या एक्स्प्रेस गाड्या गेल्या आणि बाजाराची रया गेली. स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर भर दुपारी शटरं ओढलेली पाहून मला फार वाईट वाटलं.

ए-१०२: मग आपल्या दिव्याचं काय होईल, बेटा?

बी-३०४: आराखड्यात दोन प्रकारच्या गाड्या आहेत. मोजक्या थांब्यांची मुंबई-अहमदाबाद २ तास ७ मिनिटांत, सगळीकडे थांबणारी ३ तासांच्या आत. आपल्याकडे कोणती थांबते, किती वेळा थांबते, आणि लोकलमधून उतरलेला माणूस तिथवर पोचतो कसा, यावर सगळं आहे. परवा म्हातार्डीला रिक्षाने गेले होते. समोरून डंपर आला, तर रिक्षावाल्याने रिक्षा गटाराच्या कडेला नेऊन उभी केली. सामान घेऊन माणसं याच रस्त्याने जाणार का?
लग्न ठरलं असेल तर भावाच्या आशेवर राहू नका, काका. आणि रस्ता-बसचं आत्ताच मागून घेऊया. स्टेशन बांधून झाल्यावर जागा उरत नाही.

सचिव: बरोबर आहे. रविवारच्या सभेत घेतो. महापालिकेला पत्र देऊ, शेजारच्या सोसायट्यांनाही सांगतो. मसुदा तू कर.

ए-१०२: झाला की मला पाठव. पहिली सही माझी.