व्हीएमसी सेटर पाहिजे, पण जाहिरातीवर येतात फक्त ऑपरेटर

शिरोली_मशीनशॉप: शिरोली एमआयडीसीत पंप बॉडी आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं मशीनिंग व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर करतो. सेटर हवा आहे. जाहिरात अशी दिली: ‘व्हीएमसी ऑपरेटर/सेटर पाहिजे. अनुभव ३ ते ५ वर्षे. पगार योग्यतेनुसार. ठिकाण कोल्हापूर.’ अर्ज ढिगानं आले, पण सेटिंग येणारा एकही नाही. मजकुरात काय बदलू?

टूलरूम: ‘ऑपरेटर/सेटर’ यातली ती तिरकी रेघ आधी काढा. ऑपरेटर जॉब (कास्टिंगचा नग) मशीनवर लावतो, सायकल स्टार्ट करतो, नग मोजतो, फार तर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेच्या दुरुस्तीत, एक-दोन शतांश मिमी देतो. सेटर फिक्स्चर (जॉब धरणारा साचा) डायल गेजनं सरळ करतो, जी-५४ म्हणजे जॉबचा शून्य बिंदू घेतो, टूलची लांबी मशीनमध्ये भरतो आणि पहिला नग क्वालिटीकडून पास करून देतो. दोन्ही शब्द एकत्र दिसले की ऑपरेटर अर्ज करणारच, आणि चांगल्या सेटरला वाटतं की सेटिंगच्या नावाखाली दिवसभर जॉब लावायला उभं करणार.

वर्षांचा आकडाही फसवा आहे. पाच वर्षं एकाच पार्टवर बटण दाबलेल्याचाही अनुभव पाच वर्षंच भरतो. त्यापेक्षा काम लिहा: ‘ड्रॉइंग वाचून नवीन कास्टिंगचं सेटिंग स्वतः करणे, फॅनुक कंट्रोल, बोअरला २० मायक्रॉन टॉलरन्स, बोअर गेज, मायक्रोमीटर स्वतः वापरणे, प्रोग्रॅममध्ये किरकोळ दुरुस्ती.’ ज्याला हे येत नाही तो इथंच थांबतो. कंट्रोलचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या कंपनीचं नाव विसरू नका. सीमेन्सवर हात बसलेल्याला फॅनुकवर रुळायला वेळ लागतो.

पगारपत्रक: ‘योग्यतेनुसार’ हा शब्द नको. जो आधीच कामावर आहे तो आकडा कळल्याशिवाय एक खाडा करून मुलाखतीला येत नाही. बिनकामाचा मात्र कशावरही येतो, म्हणून ढीग जमतो. आकडा देताना हातात किती पडतात तेही लिहा. समजा एकूण २०,००० आणि त्यात बेसिक-डीए १२,००० आहे. पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १५०, व्यवसाय कर २००. हातात १८,२१०. एकूण पगार २१,००० च्या वर गेला की नव्या माणसाला ईएसआय लागू होत नाही, तेव्हा दवाखान्याची काय सोय ते सांगा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं देत असाल तर ते ठळक लिहा.

कागल_लाइन: नुसतं ‘कोल्हापूर’ काय कामाचं? गोकुळ शिरगावच्या बाजूला राहणारा रात्रपाळीला शिरोलीत येईल का, हे त्याला जाहिरात वाचतानाच ठरवता आलं पाहिजे. पाळ्यांच्या वेळा, पाळी किती दिवसांनी बदलते, सुट्टीचा वार, आणि बस असेल तर कुठून: रंकाळा स्टँड, कावळा नाका, जे असेल ते.

शिक्षणात अडवू नका. ‘आयटीआय मशिनिस्ट किंवा टर्नर, डिप्लोमा चालेल’ एवढं पुरे. डिग्री मागितली तर सेटर सुटतो आणि इंजिनिअर चार महिन्यांत जातो.

शेवटी एक ओळ: ‘मुलाखतीत मशीनवर एक तास सेटिंग करून दाखवावे लागेल.’ ज्याला सेटिंग येतं त्याला ही ओळ आवडते. आणि जाहिरात फोटोत नको, साध्या मजकुरात द्या, शेवटची तारीख घाला. व्हॉट्सॲपवर फिरत राहते आणि जागा भरल्यावरही महिनाभर फोन वाजतो.

शिरोली_मशीनशॉप: आमची मशीनं फॅनुकच आहेत. नाव ‘व्हीएमसी सेटर’ करतो; ऑपरेटर लागला तर वेगळी जाहिरात. पहिल्या तीन ओळींत काम, पगार, पाळी घेतो.

टूलरूम: पार्टचं वजनही घाला. ४० किलोची बॉडी होइस्टनं (उचलयंत्रानं) चढते की हातानं, हे जाणकार सेटर पहिल्या फोनवर विचारतो.