हॉलमधल्या लॅपटॉपने एवढा वेळ का घेतला?

सावंत ए-७०२: कमिटीला थेट विचारतो. काल हॉलमधल्या बुद्धिबळाच्या डावात ओजसने लॅपटॉपला उंट दिला, म्हणजे मुद्दाम मारू दिला. तोवर दर चालीला पाच-सहा सेकंद घेणारा लॅपटॉप नेमका तिथेच मिनिटभर अडला. मधेच लेव्हल कुणी वाढवली?

शिंदे सेक्रेटरी: नमस्कार सावंतसाहेब. लॅपटॉपला कुणीही हात लावलेला नाही. घड्याळ दोघांना सारखंच होतं, पंधरा मिनिटं.

गावडे बी-२०१: हॉलचे पंखे रात्रभर चालू होते. जबाबदार कोण?

मेधा जोशी बी-१०४: सावंत काका, लॅपटॉपमधला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम, स्टॉकफिश, असाच वागतो. तो आधी थोडं पुढचं बघतो, मग एकेक पायरी खोल जातो. दर फेरीला तीच चाल चांगली ठरली तर लवकर खेळतो. चाल बदलत राहिली किंवा स्वतःच्या बाजूला तो देतो ते गुण घसरले, तर जास्त वेळ घेतो. ओजसने एच-७ या घरात उंटाने शह दिला. उंट खावा की राजा कोपऱ्यात न्यावा, इथे त्याचं मत फिरलं असणार.

सावंत ए-७०२: म्हणजे जादा वेळ दिला हे कबूल.

मेधा जोशी बी-१०४: कुणी दिला नाही काका. त्याच्याच पंधरा मिनिटांतून गेला, पुढच्या चालींना तेवढा कमी उरला.

परब काका: १९९७ साली डीप ब्लू या कॉम्प्युटरने जगज्जेत्या कास्पारोव्हविरुद्ध सहाव्या डावात आठव्या चालीला घोडा दिला. कास्पारोव्हने १९ व्या चालीला डाव सोडला! तेव्हा कुठे मशीन विचार करत बसलं?

मेधा जोशी बी-१०४: काका, ती चाल त्याच्या ओपनिंग बुकमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या चालींच्या साठ्यात, आधीच भरलेली होती. विचाराची गरजच नव्हती.

रोहन सी-३०५: परब काकांच्या कॅरमलाही घड्याळ लावा 😄

परब काका: तू आधी माझ्या पार्किंगमधली बाईक काढ.

रोहन सी-३०५: काका, ती पाहुण्यांची जागा आहे.

शिंदे सेक्रेटरी: पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये घेऊ. कृपया.

गावडे बी-२०१: पंख्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जातं.

सावंत ए-७०२: मुद्दा एकच. उंट दिल्यावरच वेळ का वाढला?

मेधा जोशी बी-१०४: कारण बलिदान तिथेच फसवतं. काही जुने प्रोग्रॅम मारण्याची एकच उघड चाल दिसली की वेळ वाचवायला लगेच मारायचे. फुकट मिळालेला मोहरा किती चालींनी महागात पडेल हे बघायच्या आतच तो घेतलेला असायचा. मग गुण कोसळायचे आणि उरलेला वेळ हरलेल्या डावावर जायचा. म्हणून गुण पडताना दिसले की विचार अर्धवट सोडून चाल ठरवायची नाही, अशी सोय आली. नववीतल्या मुलाने लॅपटॉपला तिथे थांबायला लावलं, मला तर फार कौतुक वाटलं. तो उंट चुकीचा नव्हता, पुढे घोडा जी-५ वर उशिरा आला.

सावंत ए-७०२: हे तिथेच कुणी सांगितलं असतं तर पोरगं रडत घरी आलं नसतं.

परब काका: ओजसला रविवारी माझ्याकडे पाठवा. घोडा आधी की वजीर, ते पटावर मांडून बघू.

सावंत ए-७०२: पाठवतो. पण शिंदे, डावाची पूर्ण नोंद आणि प्रत्येक चालीचा वेळ मला हवा. लेव्हल किती लावली होती तेही.

शिंदे सेक्रेटरी: सगळं लॅपटॉपमध्ये सेव्ह आहे. संध्याकाळी इथेच टाकतो.

गावडे बी-२०१: आणि पंखे?