मदत हवी आहे: नागपूरहून पुण्याला येतोय. घर डोंगराकडे घ्यावं की पूर्वेला? आणि कूलर आणू का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

यजमानांची बदली पुण्याला झालीय, ऑफिस खराडीला. मेच्या शेवटी सामान हलवायचं आहे. सोबत सासूबाई आहेत, वय ७२, दम्याचा जुना त्रास. नागपूरचा उन्हाळा त्या दातओठ खाऊन काढतात, पण खरा त्रास पावसाळ्यात. भिंतीला जरा ओल आली की रात्री खोकला सुरू. म्हणून घर बघताना भाड्याइतकाच हवेचा विचार करतोय.

तीन फ्लॅट बघून ठेवलेत. एक भूगावला, चांदणी चौक ओलांडून, बाल्कनीतून समोर डोंगर. दुसरा सिंहगड रोडला, नदीपासून फार लांब नाही. तिसरा पूर्वेला, मांजरीला. तो मला सगळ्यात रुक्ष वाटला, पण ऑफिसला जवळ.

गोंधळ असा की पुण्याच्या हवेबद्दल दोन माणसं एकसारखं सांगत नाहीत. मामेसासरे म्हणतात, पुण्यात पंखासुद्धा लागत नाही. यजमानांचे सहकारी म्हणतात, एसी घेऊनच या. नणंद सांगते जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, आणि तिचीच जाऊ म्हणते पाऊस कुठला, आम्ही टँकर मागवतो. एकाच गावाबद्दल बोलताहेत ना सगळे?

तर डोंगराजवळ राहिल्याने हवेत खरंच फरक पडतो का, पडला तर किती? नदीजवळचं घर घ्यावं का? आणि आमच्याकडे मोठा लोखंडी कूलर आहे, वाळ्याच्या ताट्यांचा. तो आणावा की इथेच देऊन टाकावा? हसू नका, घरात सध्या यावरूनच वाद चालू आहे.

*

प्रतिसाद १

कूलर आणा. बाकी नंतर लिहितो.

*

प्रतिसाद २

ताई, तुमचे चारही सल्लागार खरं बोलताहेत, फक्त ते वेगवेगळ्या पुण्यात राहतात. मी मूळचा मुळशीकडचा, नोकरी हडपसरला, त्यामुळे हा फरक रोज अंगावर घेतो.

नैऋत्येचा वारा समुद्रावरून बाष्प घेऊन येतो आणि सह्याद्रीला धडकून वर चढतो. वर चढलं की गार होतं, गार झालं की बाष्प धरवत नाही. म्हणून कोकणाच्या बाजूला आणि घाटमाथ्यावर सगळं रितं होतं. माथा ओलांडून हवा अलीकडे उतरते तेव्हा दाबली जाऊन तापते आणि ढग विरत जातात. लोणावळा-ताम्हिणीकडे वर्षाला चार हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस होतो, पुणे शहरात शिवाजीनगरला साडेसातशेच्या आसपास, आणि पुढे दौंडकडे पाचशेच्या घरात. ताम्हिणी ते दौंड अंतर फार तर दीडशे किलोमीटर. पुणे या उतारावर मधेच बसलंय, म्हणून शहराच्या दोन टोकांनाही एकच पावसाळा नसतो.

एक दिवस सांगतो म्हणजे पटेल. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत शिवाजीनगरला ११४. आता हे ११४ सुद्धा शहराच्या मानाने प्रचंड. एरवी जुलैत पुण्याचा पाऊस म्हणजे दिवसभर भुरभुर. छत्री उघडावी तर थांबतो, मिटावी तर सुरू होतो. ढग डोक्यावर टेकलेले असतात पण सांडत नाहीत.

वळवाचा आणि परतीचा पाऊस मात्र या हिशोबात बसत नाही. तो इथल्याच तापलेल्या जमिनीवर उभा राहतो, दुपारनंतर, बऱ्याचदा पूर्वेकडून. गडगडाट, कधी गारा, तासाभरात रस्ता पाण्याखाली. त्याला सह्याद्रीची आडकाठी नाही, त्यामुळे मांजरीकडे सप्टेंबरची एखादी संध्याकाळ जुलैचा अख्खा आठवडा भरून काढते.

भूगाव घेणार असाल तर पश्चिमेच्या खिडक्यांना वर पत्रा किंवा छज्जा आहे का ते बघा. नाहीतर झड थेट गादीवर येते.

*

धागाकर्ती

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. दोन गोष्टी विचारते.

साडेसातशे? नागपूरला वर्षाला हजाराच्या वर पडतो! म्हणजे आम्ही जास्त पावसातून कमी पावसात येतोय? इथे सगळे मला रेनकोट भेट देताहेत.

दुसरं, झड खिडकीतून गादीवर कशी येईल? आमच्याकडे झड म्हणजे आठ दिवस न थांबणारा पाऊस. "झड लागली" म्हणतात. तुम्ही लिहिलेलं वाचून सासूबाई म्हणाल्या, आठ दिवसांचा पाऊस गादीवर घ्यायला आपण पुण्याला कशाला जायचं?

*

प्रतिसाद ३

हाहा, सासूबाईंना नमस्कार सांगा. आमच्याकडे झड म्हणजे वाऱ्याने आत येणारे तुषार. आठ दिवसांच्या पावसाला आम्ही नुसतं "लागलाय" म्हणतो.

आणि हो, नागपूरचा आकडा मोठाच आहे. तुमचा पाऊस बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर चालतो. मुसळधार येतो, मग उघडतो, ऊन पडतं, घाम काढतो. पुण्यात पाणी कमी पण आभाळ झाकलेलं जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं तापमान २८ च्या आसपास रेंगाळतं आणि पाच-पाच दिवस सूर्य दिसत नाही. कपडे न वाळायला पाऊस लागत नाही, ढग पुरतात. नणंदबाई बरोबर आहेत, आणि टँकरवाल्या जाऊबाईही.

*

प्रतिसाद ४

भूगावजवळ सात वर्षं राहून आता शहरात आलोय, म्हणून लिहितो. बाल्कनीतला डोंगर जून ते सप्टेंबर दिसत नाही, धुक्यात असतो. पापड सादळतात, चपलांना हिरवी बुरशी, कपाट उघडलं की कुबट वास. आमची पश्चिमेची भिंत दर ऑगस्टला फुगायची आणि दिवाळीआधी रंगवायची. बिल्डरने चांगलं जलरोधक काम केलं असेल तर वेगळं, पण ते पावसाळ्याआधी कळत नाही. फ्लॅट बघताना भिंतीच्या तळाशी नवा रंग दिसला तर संशय घ्या.

उन्हाळा आणि थंडी मात्र स्वर्ग. एप्रिलमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमाराला पश्चिमेचा वारा सुटला की दहा मिनिटांत हवा बदलते.

दम्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण ओल हेच निमित्त असेल तर मी भूगाव घेणार नाही.

*

प्रतिसाद ५

नदीजवळच्या घराबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. पुण्यात पूर दोन तऱ्हेचे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला नदीचा. शहरात थेंब नसतानाही येतो, कारण पाऊस वर घाटात पडत असतो. पानशेत, वरसगाव, टेमघर भरली की पाणी खडकवासल्यात येतं, आणि खडकवासला धरण लहान, ते साठवून किती ठेवणार? विसर्ग मुठेत सोडावाच लागतो. त्याची सूचना मिळते, क्युसेकचे (सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्याचे) आकडे फिरतात. वर सांगितलेल्या २५ जुलै २०२४ लाच सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं होतं. फ्लॅट निळ्या पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हे घरमालकाला न विचारता महापालिकेच्या नकाशावर स्वतः बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. पार्किंग तळघरात असेल तर दोनदा विचार करा.

दुसरा ओढ्याचा. हा जास्त वाईट, कारण तो विचारून येत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरउतारावर जोराचा पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्या धुऊन नेल्या. तिथे धरणाचा प्रश्नच नव्हता. टेकड्यांवरून उतरणारं पाणी आणि आवळलेला ओढा, इतकंच. म्हणून "नदीपासून लांब आहे" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. घरामागे एखादी कोरडी, कचऱ्याने भरलेली नाली दिसली तर शेजारच्या दुकानदाराला विचारा हिचं नाव काय. नाव असेल तर ती नाली नाही, ओढा आहे.

*

प्रतिसाद ६

मांजरीची बाजू घ्यायला कोणीतरी हवं. पाऊस कमी, भिंती कोरड्या, ऑफिस जवळ. थंडीत हडपसर-मगरपट्टा भागातलं किमान तापमान पाषाण किंवा एनडीए (खडकवासल्याजवळची लष्करी प्रबोधिनी) भागापेक्षा चार-पाच अंश जास्त असतं, कधी त्याहूनही. पाषाणला टेकड्यांमधली खोलगट जागा, रात्री गार हवा तिथे साचून राहते. म्हणून बातमीत "पुणे ८ अंश" ऐकून मगरपट्ट्यात स्वेटर शोधायला लागू नका.

पण ताईंसाठी एक धोक्याची गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा पडतो, गार हवा जमिनीलगत बसते आणि वर उबदार थराचं झाकण पडतं. मोकळ्या प्लॉटवर कोणी कचरा पेटवला तर तो धूर नऊ-साडेनऊपर्यंत तिथेच. कोरडं म्हणजे दम्याला चांगलंच असं गृहीत धरू नका. फ्लॅट बघायला एकदा सकाळी सातला जा.

अवांतर: मामेसासऱ्यांच्या "पंखा लागत नाही"ला मान द्या, पण ते बहुतेक झाडांनी भरलेल्या जुन्या कोथरूडबद्दल बोलताहेत. तसंही ३० एप्रिल १८९७ ला पुण्यात ४३.३ अंश नोंदलेले आहेत, तेव्हा कुठलं काँक्रीट होतं?

*

प्रतिसाद १ (पुन्हा)

म्हटलं होतं ना नंतर लिहितो.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, नागपूर ३१० च्या आसपास. अडीचशे मीटरच्या फरकाने जेमतेम दीड अंश मिळतो, "थंड हवेचं ठिकाण" वगैरे काही नाही. खरा फरक रात्री कळतो. इथला सगळ्यात तापलेला महिना बहुतेक वेळा एप्रिल, दुपारी ३८-३९. मेच्या उत्तरार्धात पश्चिमेचे ढग दिसायला लागतात आणि दुपार थोडी नरमते. तुमच्याकडे मे म्हणजे मे.

आता कूलर. त्याचं पाणी उडून जाताना हवा गार करतं, आणि ते उडायला हवा कोरडी लागते. मार्च-एप्रिलची पुण्यातली दुपार अगदी कोरडी, कूलर मस्त चालतो. जूनचे ढग आले की तोच कूलर खोलीत नुसती वाफ भरतो. तुमच्या सासूबाईंसाठी तर जूनपासून तो बंदच हवा, ताट्या काढून उन्हात वाळवून ठेवायच्या. तुम्ही मेच्या शेवटी येताय म्हणजे पहिल्या वर्षी तो फार तर दोन आठवडे चालेल. मान्सून इथे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अपेक्षित असतो.

म्हणजे आणायचाच असेल तर आणा, पण यंदा तो टेबल म्हणूनच वापरावा लागेल.

*

प्रतिसाद ७

भूगाव ते खराडी रोज? जुलैत? हवेचा अभ्यास चालू द्या, पण एकदा पावसाळी सोमवारी सकाळी नऊ वाजता हा प्रवास करून बघा. पुढचा सगळा धागा वाचायची गरज पडणार नाही.

*

प्रतिसाद ८

प्रतिसाद ७ ला +१. आणखी एक सुचवते. पूर्वेलाच घ्या, पण दक्षिणेला किंवा पूर्वेला मोकळी बाजू असलेला, वरून दुसरा-तिसरा मजला. अगदी वरचा नको, एप्रिलमध्ये स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. आणि डोंगर हवा असेल तर सुट्टीच्या दिवशी सिंहगडला जा की. रोज बाल्कनीत कशाला हवा, तो सोबत आणतो ती ओलही घरातच राहते.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले.

भूगाव रद्द. मला वाईट वाटलं, खरं सांगते, तो डोंगर मनात भरला होता. सिंहगड रोडचा फ्लॅट नकाशावर बघितला. निळ्या रेषेच्या बाहेर आहे, लाल रेषेच्या आत, आणि पार्किंग तळघरात. तोही रद्द. राहिलं मांजरी. यजमान परवा पुण्यात आहेत, त्यांना सकाळी सातला तिथे उभं करणार आहे, आणि मागच्या नालीचं नाव विचारायला सांगितलंय.

कूलरचं सासूबाईंनी ठरवलं. टेबल तर टेबल, पण येणार.

आता एकच विचारते. पावसाळाभर ताट्या ठेवायच्या कुठे म्हणजे त्यांना बुरशी येणार नाही? पुण्यात वाळा मिळतो का, की इथूनच जादा घेऊन येऊ?