मदत हवी आहे : नवीन प्लांटेड टँक, नागपूरचा एप्रिल आणि पहाटे वर येणारे मासे

नमस्कार मंडळी,

मनीषनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. गुढीपाडव्याला घरात झाडांचा फिश टँक लावला, आज पंचविसावा दिवस. सहा निऑन टेट्रा आणले होते, त्यातले चार गेले. निम्मी झाडं गळून चालली आहेत. काल पहाटे साडेपाचला आईने उठवलं, "अरे, सगळे मासे वर येऊन तोंड उघडून राहिले, पाहा ना." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. काय काय केलं ते सगळं लिहितो, चूक कुठे झाली ते जाणकारांनी सांगावं.

टँक दोन फूट बाय एक फूट, उंची सव्वा फूट. काठोकाठ भरला तर सत्तर लिटर, रेती आणि वरची मोकळी जागा सोडली तर पंचावन्नच्या आसपास. खाली दुकानातून आणलेली झाडांची माती, तिच्यावर दोन इंच कन्हानची रेती. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथून मागून आणली आणि पाणी निवळेपर्यंत धुतली. समोरच्या कोपऱ्यात शोभेचे पांढरे गोटे, अंदाजे तीन किलो. झाडांमध्ये ॲमेझॉन सोर्ड, दोन क्रिप्ट, एक अनुबियास आणि व्हॅलिसनेरिया. पहिल्या दिवशी पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले : सहा निऑन, सहा गप्पी आणि काच साफ करायला दोन सकर. दुकानदार म्हणाले चालतं, म्हणून सोडले.

अठरा वॉटचा एलईडी सकाळी सातला लावतो, रात्री अकराला बंद करतो. एअर पंपाचा आवाज आईच्या झोपेत येतो म्हणून रात्री तो बंद ठेवतो. फिल्टरचा स्पंज दर रविवारी नळाखाली पिळून धुतो.

पाण्याबद्दल जरा सविस्तर. नळाला पेंचचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात ते कमी पडतं म्हणून सोसायटीच्या टाकीत बोरचं पाणी मिसळतात. शिवाय टँकमधलं पाणी रोज दीड लिटर तरी उडतं. ते भरून काढायला आई आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी वापरते. आमच्याकडे मे महिन्यात एक तांब्यासुद्धा पाणी मोरीत जाऊ देत नाहीत, आणि मला तिचं ते करणं बरोबरच वाटत होतं.

टेस्ट किटने काल मोजलं. अमोनिया १ पीपीएम, नायट्राइट ०.५, पीएच ८.२. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर टँकचं पाणी ९४०. पाण्याचं तापमान दुपारी ३२. बर्फाचे तुकडे टाकून पाहिले, तासाभरात पुन्हा तेच.

एक गोष्ट अवघड आहे. सकाळी देवपूजा झाली की आई टँकसमोर येते आणि चिमूटभर दाणे टाकते. मासे धावत येतात ते पाहून तिला फार बरं वाटतं. संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा एकदा. बाबा गेल्यापासून घरात तिची अशी रमायची जागा हीच. तिला "टाकू नको" म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

माझा प्रश्न असा की हे सगळं उष्णतेमुळे होतंय का? चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, घेतल्याशिवाय नागपुरात प्लांटेड टँक होतच नाही, असं एकाने सांगितलं. चिलरचा खर्च मला झेपणारा नाही.

पाणकणीस :

भाऊ, आधी दोन गोष्टी करा, मग बोलू. एअर पंप आत्ता लावा आणि रात्रभर चालू ठेवा. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो : २५ अंशांना लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३२ ला सव्वासातच. दिवसा झाडं ऑक्सिजन देतात, दिवे गेले की तीच घेऊ लागतात. म्हणून मासे नेमके पहाटे वर येतात. पंपाखाली जुना टॉवेल घडी करून ठेवला की आवाज बराच कमी होतो.

दुसरं, त्या पांढऱ्या गोट्यांपैकी एक बाहेर काढा, पुसून कोरडा करा आणि त्यावर लिंबू पिळा. काय दिसतं ते सांगा. अनुबियास कसं लावलंय तेही सांगा.

धागालेखक :

ताई, पंप लावला. गोट्यावर लिंबू पिळलं आणि कान जवळ नेला तर अगदी बारीक चरचर ऐकू आली. नीट पाहिलं तर रसात मोहरीपेक्षा लहान बुडबुडे ओळीने उठत होते. रेतीच्या चिमटीवरही पिळलं, तिथे काही झालं नाही. अनुबियास रेतीत दाबून बसवलं होतं, आत्ता उपटलं तर देठ खालून काळा आणि मऊ, वास येतोय.

पाणकणीस :

मग गोटे संगमरवराचे आहेत. ते पाण्यात हळूहळू विरघळतात, कडकपणा आणि पीएच दोन्ही वर नेतात. तुमची रेती चांगली आहे, ती राहू द्या. गोटे सगळे काढा.

आता मासे का गेले ते. टँक नवीन असताना माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, आणि तो खाणारे जिवाणू अजून तयार झालेले नसतात. ते आधी अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून मासे त्यानंतर सोडायचे असतात. हे जिवाणू सगळ्यात जास्त असतात फिल्टरच्या स्पंजात, आणि तुम्ही दर रविवारी त्यांना क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढत होता. दर सोमवारी तुमचा टँक पुन्हा जवळजवळ पहिल्या दिवसावर येत होता. स्पंज धुवायचाच झाला तर टँकमधून काढलेल्या पाण्यात, महिन्यातून एकदा, हलक्या हाताने दाबून.

उष्णतेबद्दल विचारलंत. उष्णता आहेच, पण एकटी नाही. अमोनियाचा विषारी भाग मुख्यतः पीएचवर ठरतो. पीएच ७ आणि २५ अंश असतील तर एकूण अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्काच विषारी. तुमच्या ८.२ आणि ३२ वर तो बारा-तेरा टक्के होतो. याच पीएचला पाणी २६ अंशांवर ठेवलं असतं तरी नऊ टक्के राहिला असता. म्हणजे चिलर घेऊनही निऑन वाचले नसते. चिलरचा विचार डोक्यातून काढा. माझा टँक याच शहरात सहावा उन्हाळा पाहतोय, एका टेबलफॅनवर. पंखा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका वारा जाईल असा लावा आणि वरची काच काढा. बाष्पीभवनाने दोन ते तीन अंश उतरतात. गप्पी उड्या मारतात म्हणून वर जाळी टाका. बर्फ नको, एकदम खाली आणि एकदम वर जाणारं तापमान माशांना जास्त सोसत नाही.

पण पंखा लावला की पाणी आणखी उडेल, आणि खरी मेख इथेच आहे. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. त्यात आरओने बाहेर टाकलेलं पाणी म्हणजे आधीच क्षार गोळा केलेलं. तुम्ही रोज दीड लिटर क्षारांचा अर्क ओतत आहात. ९४० चा आकडा तिथून आला. वर भरायला आरओचं पिण्याचं पाणी वापरा आणि ते वाया जाणारं फरशी पुसायला.

झाडांनीही तुम्हाला हेच सांगितलं असणार. व्हॅलिसनेरिया चांगली वाढतेय ना? तिला कडक पाणी मानवतं. क्रिप्टची पानं नवीन जागी गळतातच, ती वितळल्यासारखी होतात. मुळं उपटू नका. अनुबियासचा आडवा देठ पुरायचा नसतो. काळा भाग कापून टाका, उरलेला हिरवा तुकडा दोऱ्याने लाकडाला नाहीतर साध्या काळ्या दगडाला बांधा. लाइट सात तासांवर आणा, सोळा तास म्हणजे शेवाळाला आमंत्रण.

रोज दहा लिटर पाणी बदला, दोन आठवडे. सकाळी नळ आला की सोसायटीच्या टाकीत जायच्या आधीचं, थेट नळाचं घ्या. दहा लिटरला हायपोचा (क्लोरीन घालवणारं औषध) एक छोटा खडा, किंवा बादली उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा. नवीन निऑन उन्हाळ्यात आणू नका, त्यांना २६ च्या खालचं पाणी लागतं. आणि सकर दुकानात परत करा, ते फूटभर वाढतात.

आईंबद्दल : त्यांना बंद करायला सांगू नका, काम बदलून द्या. टँकमधून काढलेलं दहा लिटर पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला उत्तम खत आहे. ते रोज त्यांनी घालावं. दाणे एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपतील एवढेच.

मधुकामिनी :

वरच्या सगळ्याला अनुमोदन. एकच भर घालतो. संध्याकाळी त्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन लावत असाल तर आधी बंद करा. त्यातलं औषध माशांना फार घातक असतं, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. माझ्या सात मोली एका रात्रीत गेल्या होत्या, आणि मी महिनाभर पाण्यालाच दोष देत होतो.

धागालेखक :

दहा दिवसांनी लिहितोय. मशीन लावत होतो, टँकच्या शेजारच्याच प्लगला. आता तिथे पंखा आहे आणि खिडकीला जाळी बसवली.

अमोनिया ०, नायट्राइट ०.२५, नायट्रेट पहिल्यांदा दिसलं, १०. पीएच ७.६, टीडीएस ३६०. काल बाहेर ४४ होतं आणि टँकमध्ये दुपारी तीनला २९.५. सकर परत केले. उरलेले दोन निऑन आणि सहाही गप्पी ठीक आहेत, पहाटे उठून पाहिलं तर खालीच फिरत होते. एका क्रिप्टच्या बुडाशी तांबूस रंगाचं नवीन पान आलंय, नखाएवढं, घडी न उलगडलेलं.

आईला पाण्याचं सांगितलं तेव्हा आधी ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे ते निऑन माझ्यामुळे गेले का?" मी तिला तुमचं उत्तर पूर्ण वाचून दाखवलं, त्यात माझ्या चुका तिच्यापेक्षा जास्त निघाल्या. आता सकाळी आधी मोगऱ्याला पाणी, मग टँकसमोर खुर्ची. दाण्यांसाठी तिने हळदीकुंकवाच्या ताटातला सगळ्यात छोटा चमचा काढून ठेवलाय.

पाणकणीस ताई, मधुकामिनी दादा, मनापासून आभार. व्हॅलिसनेरियाने आठ पिल्लं टाकली आहेत आणि जागा उरली नाही. नागपुरात कोणाला हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मनीषनगरातून घेऊन जा. ओल्या कागदात गुंडाळून देतो.