आजीच्या गाण्यांवर पहिला अल्बम : जुन्या कॅसेट आणि नव्या रचना एकत्र कशा आणाव्यात?

प्रश्न :
नमस्कार. मी स्वतः गाणी लिहिते, त्यांना चाली लावते आणि गाते. सध्या माझ्या पहिल्या अल्बमचे काम सुरू असून त्यातील दहापैकी सहा गाणी मला आजीकडून मिळालेली आहेत. तिच्या आवाजातील दोन कॅसेट आमच्याकडे आहेत. एका गाण्यात ती तिसरी ओळ विसरते, क्षणभर नुसतीच गुणगुणते आणि मग दुसऱ्या ओळीपासून पुन्हा गाऊ लागते. ते गुणगुणणे मला आठवलेल्या ओळींइतकेच प्रिय आहे. उरलेली चार गाणी माझी आहेत, पण तीही तिच्याकडून ऐकलेल्या आठवणींवर उभी आहेत. अडचण अशी की, स्टुडिओत कानात वाजणाऱ्या यांत्रिक तालाच्या ठोक्यावर बसवून गायलेली तिची गाणी मलाच निर्जीव वाटतात आणि कॅसेट जशीच्या तशी घ्यावी, तर अल्बम माझा न राहता घरातला जुना ठेवा तेवढा होईल, अशी भीती वाटते. शिवाय श्रेय देताना ‘पारंपरिक’ असे लिहावे, आजीचे नाव लिहावे की माझे?

उत्तर १ :
मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, म्हणून आधी कॅसेटविषयी लिहितो. त्या २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजातले बारकावे टिपणाऱ्या उच्च दर्जावर, संगणकात उतरवून घ्या, ती प्रत हात न लावता जपून ठेवा आणि खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. उतरवण्यापूर्वी कॅसेट प्लेअरच्या हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन त्या फितीशी जुळवून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण तो चुकला तर आवाजातील वरची धार बोथट होते आणि ती नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पुरती परत येत नाही. फितीची प्रमाणित गती सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर असते. घरगुती यंत्रे त्याहून थोडी संथ किंवा जलद चालत, त्यामुळे आज ऐकू येणारी आजीची पट्टी तिची खरी पट्टी असेलच असे नाही.

ठोक्याबद्दल म्हणाल, तर तो सरळ बंद करा. साथीशिवाय गाणारी व्यक्ती ओळीची लांबी आपल्या श्वासावर ठरवते आणि ठोका लावला की नेमका तो श्वासच कापला जातो. आधी तुम्ही एकट्याने, हवे तर केवळ एका आधारस्वरावर, संपूर्ण गाणे गा आणि वादकांना मागाहून तुमच्या आवाजामागे वाजवू द्या. वेळ जास्त लागेल, हे खरे आहे. आणि आवाज सुरात ओढणारे सॉफ्टवेअर या सहा गाण्यांपासून कृपया दूरच ठेवा.

उत्तर २ :
आपल्या भीतीबद्दल लिहावेसे वाटते, कारण याच वाटेने गेलेली एक गायिका मला अतिशय जवळची आहे. जीन रिची यांचा जन्म १९२२ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात, व्हायपर या डोंगराळ वस्तीत झाला. चौदा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. त्यांच्या थोरल्या बहिणींकडून इंग्लंडचे लोकगीत संग्राहक सेसिल शार्प यांनी १९१७ सालीच गाणी टिपून घेतली होती, म्हणजे घरातला ठेवा त्यांच्या जन्माआधीच कागदावर उतरू लागला होता. तरीही १९५२ साली त्यांचा पहिला अल्बम आला तो घरच्याच गाण्यांचा, आणि तो ऐकताना आपण संग्रह ऐकतो आहोत असे वाटत नाही, कारण त्या गाणी दाखवत नाहीत, ती गातात. त्याच वर्षी अमेरिकी सरकारची फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन त्या आपल्या घरच्या गाण्यांची मुळे शोधायला ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये गेल्या.

श्रेयाच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट पुढची आहे. कोळशाच्या खाणींनी आपल्या मुलखाची जी दशा केली, तिच्यावर त्यांनी स्वतः गाणी लिहिली आणि त्यांतील काही आईच्या वडिलांच्या, थॅन हॉल यांच्या नावाने प्रसिद्ध केली. राजकारणापासून दूर असलेल्या आईला त्रास होऊ नये आणि पुरुषाच्या नावाने ही गाणी लोक अधिक मनावर घेतील, अशी त्यामागची कारणे होती. मला त्यांची अडचण कळते, पण आपण आपली चार गाणी आपल्याच नावाने द्यावीत. आणि ते गुणगुणणे अल्बममध्ये असू द्या. पंधरा-वीस सेकंदांचा तेवढाच तुकडा घेऊन लगेच पुढे आपले गाणे सुरू केले, तर कोणाकडून काय आले हे ऐकणाऱ्याला न सांगता कळेल.

उत्तर ३ :
श्रेयाचा व्यवहार मी थोडक्यात मांडते. पिढ्यान्‌पिढ्या गायले जाणारे आणि कर्ता अज्ञात असलेले गाणे साधारणपणे कोणाच्याच मालकीचे नसते, मात्र आपण केलेली नवी बांधणी आपली असते. म्हणून ‘पारंपरिक, आजीकडून मिळालेले, बांधणी माझी’ असे नावांसह लिहावे. परंतु एखादी ओळ किंवा चाल आजीने स्वतः रचली असेल, तर ती रचनाकार ठरते. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे हक्क टिकतो, अनेक देशांत त्याहूनही अधिक, आणि तो वारसांकडे जातो. कॅसेटवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून वेगळा असतो. त्यामुळे काका, आत्या, चुलत भावंडे यांची लेखी संमती अल्बम येण्यापूर्वीच घ्या.

प्रश्नकर्ती :
तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री ठोका बंद करून एक गाणे गायले आणि ऐकताना लक्षात आले की, तिसऱ्या ओळीपूर्वी मीही आजीइतकीच थांबते. आत्याला विचारले, तेव्हा तिने सांगितले की त्या गाण्याचे शेवटचे कडवे आजीने स्वतः रचलेले आहे. ते मला आजवर ठाऊक नव्हते. रचनाकार म्हणून तिचे नाव आता त्या गाण्यापुढे लिहिले आहे.