मदत हवी आहे: एफबीएस कमी करत आणलं, पण एक टक्क्यावर एल929 पेशी सुटून तरंगतात

नमस्कार. मी बेळगावात पीएच.डी. करते, गाव खानापूर तालुक्यातलं. आमच्या भागात जखमेवर एका झाडाच्या सालीचा लेप लावतात. त्या सालीच्या अर्कानं फायब्रोब्लास्ट पेशी (जखम भरून काढणाऱ्या; माझ्याकडच्या एल929 या उंदराच्या आहेत) त्यांच्या थरावर पाडलेला ओरखडा लवकर भरून काढतात का, ते मी तपासतेय.

एफबीएस, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवायला घालतात ते फीटल बोव्हाइन सीरम, मला सोडायचंच आहे. गाभण गाय कत्तलखान्यात गेली की पोटातल्या वासराच्या हृदयात सुई घालून रक्त काढतात, त्याचं हे सीरम. आमच्या घरी गोठा आहे. गाभण गाईची काळजी कशी घेतात ते बघतच मी वाढले, त्यामुळे हे कळल्यापासून ती बाटली हातात घ्यावीशी वाटत नाही. शिवाय कामाच्या दृष्टीनंही ते अडचणीचं आहे. सीरममध्येच वाढीचे घटक भरपूर, मग ओरखडा भरला तो अर्कानं की सीरमनं? लॉट बदलला की आकडेही हलतात.

मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) डीएमईएम/एफ12, त्यात पूरक म्हणून इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियम. सीरम 10 वरून 5, मग 2.5 टक्के केलं, तिथवर पेशी छान होत्या. 1 टक्क्यावर मात्र पॅसेज केल्यावर (पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पेरल्यावर) दुसऱ्या दिवशी गोल होऊन तरंगतात. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या प्लेटलेट्सपासून लायसेट (त्या फोडून काढलेला अर्क) करून सीरमऐवजी वापरावं का? कुणी केलंय का?

प्रतिसाद

ताई, मी निपाणीचा, सध्या पुण्यात याच कामात आहे. पेशी ट्रिप्सिननं (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमनं) सोडवता ना? मग ते थांबवता कशानं? एरवी सीरमच ट्रिप्सिनला थोपवतं. 1 टक्क्यात तेवढा जोर नसतो, उरलेलं ट्रिप्सिन पेशींना कुरतडत राहतं. सोयाबीनपासूनचा ट्रिप्सिन इनहिबिटर घाला, मग हलकं सेंट्रिफ्यूज करून मीडियम बदला. पेशींना चिकटायला लागणारी प्रथिनंही सीरममधूनच येतात, म्हणून फ्लास्कला रिकॉम्बिनंट (प्राण्याच्या रक्तातून न काढता तयार केलेल्या) व्हिट्रोनेक्टिन या चिकटवणाऱ्या प्रथिनाचा थर द्या. सुरुवातीला पेशी नेहमीपेक्षा दाट पेरा आणि अँटिबायोटिक कमी करा. सीरम नसताना त्याचा मार जास्त बसतो.

तुमच्या पेशी हट्टी नाहीत. याच एल929 वंशाच्या पेशी 1950 च्या दशकात एनसीटीसी 109 या प्रथिनविरहित मीडियममध्ये वाढवल्या होत्या.

प्लेटलेट लायसेट मात्र तुमच्या कामाला नको. त्यात पीडीजीएफ हे वाढीचं प्रथिन खच्चून भरलेलं असतं, आणि ते स्वतःच ओरखडा भरतं. वासरू वाचेल, पण तुमचा मूळ प्रश्न तसाच राहील. स्टेम सेलवाल्यांना ते छान चालतं, तेही हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) घालून, नाहीतर मीडियमचं जेल होतं.

धागाकर्ती

दादा, फार आभार. ट्रिप्सिन मी सीरमवाल्या मीडियमनंच थांबवत होते. इनहिबिटर आज मागवते. आणखी एक: 'सीरम-फ्री' लिहिलेलं तयार मीडियम घेतलं तर प्राण्याचं काहीच नसतं ना? आणि पेशी वायलमध्ये (छोट्या कुप्यांत) गोठवून ठेवताना काय करायचं?

प्रतिसाद

तसं नाही. 'सीरम-फ्री' मध्ये गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन असू शकतं. 'अ‍ॅनिमल कंपोनंट फ्री' लिहिलंय का बघा आणि कंपनीला लेखी विचारा. गोठवायला निम्मं ताजं आणि निम्मं पेशींवरून काढलेलं सीरमविना मीडियम, त्यात 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं द्रव्य). पण 2.5 टक्क्यांवरच्या पेशींच्या चार वायल आधी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा, मगच सीरम आणखी कमी करा.